गोल्डन वन सेंटर : इमारत पालिकेची, टीम सेठची. हे जमतं कसं?

रामबागकर
नमस्कार मंडळी. प्रश्न जरा लांबलाय, सांभाळून घ्या. जन्म बँकेत गेला, त्यामुळे कर्ज कोणाच्या नावावर आणि हप्ता कोणाच्या खिशातून हे कळल्याशिवाय मला चैन पडत नाही.

मुलगा-सून कॅलिफोर्नियात फॉल्समला असतात. हिवाळ्यात आम्ही दोघं तिकडे होतो, तेव्हा मुलाने एका संध्याकाळी सॅक्रमेंटो किंग्जचा सामना दाखवायला नेलं. गोल्डन वन सेंटर नावाचं बंद स्टेडियम आहे, भर बाजारपेठेत. बास्केटबॉल मला अगदीच परका नाही, शाळेत असताना खेळायचो. पण इथे माझं लक्ष खेळापेक्षा इमारतीवरच जास्त. दर्शनी बाजूला विमानाच्या हँगरला असतात तसले अवाढव्य दरवाजे. मुलगा म्हणाला, हवा चांगली असेल तेव्हा ते सताड उघडतात आणि नदीकडचं वारं आत घेतात. थंड हवा छतातून येत नाही, खुर्च्यांखालून येते. मी वाकून हात लावून पाहिला तर सौ. म्हणाली, "अहो, काही पडलं का?" मागच्या रांगेतल्या एक आजीबाई गाईच्या गळ्यातली घंटा बडवत होत्या. किंग्ज जिंकले आणि बाहेर येऊन बघतो तर छपरावरून जांभळा झोत सरळ आभाळात गेलेला. लोक त्याच्याकडे बघून आरोळ्या ठोकत होते.

खरी गोष्ट मध्यंतरात झाली. मी मुलाला म्हटलं, सेठने पैसा ओतलाय बरं का. तो म्हणाला, "बाबा, इमारत टीमची नाहीच. सॅक्रमेंटो शहराची आहे, म्हणजे पालिकेची."

तेव्हापासून डोक्यात किडा वळवळतोय. पालिकेने इतका पैसा आणला कुठून? तिकिटाचे पैसे, पॉपकॉर्नचे पैसे, दारावर नाव लावायचे पैसे जातात कोणाकडे? टीम उद्या उठून दुसऱ्या गावाला गेली तर त्या घुमटाचं करायचं काय?

हे आत्ताच विचारण्याचं कारण आमचा इथला, इंदूरच्या नेहरू पार्कचा सकाळचा कट्टा. मी हौसेने फोटो दाखवले आणि आमच्यातले एक गृहस्थ पेटलेच. म्हणे नेहरू स्टेडियम नाहीतरी मतमोजणीपुरतं उरलंय, तिथेच असं काही उभं करा. निगमने, म्हणजे आपल्या महापालिकेने, सौरऊर्जेसाठी बॉण्ड (कर्जरोखे) काढले, यासाठीही काढेल. बाकीच्यांनी माना डोलावल्या. मला मात्र यात कुठेतरी पाणी मुरतंय असं वाटतं, पण नक्की कुठे ते बोट ठेवून सांगता येत नाहीये. जाणकारांनी प्रकाश टाकावा.

नाटोमासची_इंदोरन
रामबागकर काका, नमस्कार. माझं माहेर लोकमान्य नगरचं, आता बरीच वर्षं मुक्काम सॅक्रमेंटोच्या उत्तरेला नाटोमासमध्ये. किंग्जचं जुनं अरेना, म्हणजे बंद स्टेडियम, आमच्याच भागात होतं, त्यामुळे हे सगळं महाभारत दारातून पाहिलंय. बसा निवांत, चहा घ्या.

जुनं अरेना १९८८ चं. ते खासगी होतं आणि २००० नंतर टीमवाल्यांना ते लहान, जुनाट वाटायला लागलं. २००६ च्या नोव्हेंबरमध्ये लोकांना मतदानात विचारलं की नव्या अरेनासाठी डॉलरमागे पाव सेंट जास्त विक्रीकर द्याल का. लोकांनी दणकून नाही म्हटलं. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येतं.

मग २०१३ च्या जानेवारीत बातमी फुटली की जुने मालक टीम सिएटलच्या मंडळींना विकणार आणि टीम तिकडेच जाणार. अख्ख्या गावाला सुतक लागलं. तेव्हा इथे मोठ्या लीगची दुसरी टीमच नव्हती हो. महापौर होते केव्हिन जॉन्सन, सॅक्रमेंटोचेच, आणि स्वतः एनबीए, म्हणजे अमेरिकेतली व्यावसायिक बास्केटबॉल लीग, खेळलेले. त्यांनी धावाधाव करून दुसरे खरेदीदार उभे केले. त्यांचे म्होरके विवेक रणदिवे, जन्म मुंबईचा, टिब्को या सॉफ्टवेअर कंपनीचे संस्थापक. मे २०१३ मध्ये लीगमधल्या टीमच्या मालकांनी २२ विरुद्ध ८ मतांनी स्थलांतर फेटाळलं. पण लीगची अट होती : २०१७ पर्यंत नवं अरेना उभं राहिलं पाहिजे, नाहीतर टीम हातची जाईल.

काका, तुमच्या प्रश्नाची मेख इथे आहे. पालिका सौद्याला बसली ती मानेवर सुरी घेऊनच. टीम जाण्याची भीती नसती तर सौदा असा झाला नसता असं माझं स्पष्ट मत आहे.

आता पैसे. २०१४ च्या मे महिन्यात नगर परिषदेने ७ विरुद्ध २ मतांनी मंजुरी दिली. तेव्हाचा अंदाज ४७.७ कोटी डॉलर, त्यात पालिकेचा वाटा २५.५ कोटी. त्यातल्या साधारण तीन कोटींच्या पालिकेच्या जमिनी होत्या, उरलेली रक्कम रोख. खर्च वाढत वाढत ५५.८ कोटींवर गेला, पण करारात आधीच लिहिलेलं होतं की वरचा खर्च टीमचा. हे एक कलम पालिकेने घट्ट धरून ठेवलं, त्याबद्दल त्यांना शाबासकी.

रोख रकमेसाठी २०१५ मध्ये पालिकेने सुमारे २७.३ कोटी डॉलरचे रोखे काढले. लोकांनी कर नाकारला होता, मग परतफेड कशातून? पार्किंगमधून! डाउनटाउनमधल्या पालिकेच्या बहुमजली पार्किंग इमारती आणि रस्त्यावरचे मीटर. मीटर बदलले, फोनवरून पैसे भरायची सोय आली, वसुलीचे तास लांबले. सामन्याच्या रात्री पार्किंगचा दर वेगळाच, चढा. तुमच्या चिरंजीवांनी गाडी लावताना जे पैसे मोजले ना, त्यातला काही भाग त्या रोख्यांचं व्याज आहे असं समजा. शिवाय टीमही पालिकेला जागेचं भाडं देते आणि ते दरवर्षी वाढत जातं.

यावर सगळ्या गावाला मतदान करू द्या म्हणून काही लोकांनी सह्या गोळा केल्या होत्या. अर्जाच्या मसुद्यात त्रुटी निघाल्या आणि कोर्टानेही तो बाद ठरवला. त्यामुळे २००६ ला "नाही" म्हणालेल्या लोकांना २०१४ ला कोणी विचारलंच नाही. आमच्या शेजारच्या बाई अजूनही या विषयावर तावातावाने बोलतात, आणि सामन्यांनाही जातात.

मालक पालिका, पण चालवते टीम. सामने, मैफली, बर्फावरचे कार्यक्रम, सगळ्यांचं बुकिंग त्यांच्याकडे. तिकीट, खाणंपिणं त्यांचं, आणि देखभाल, वीज, माणसं हा खर्चही त्यांचाच. दारावर गोल्डन वन नाव आहे ती इथली एक पतसंस्था. २० वर्षांसाठी १२ कोटी डॉलर, आणि तो पैसा टीमकडे जातो. तुम्ही बँकेतले, म्हणून तुमच्या भाषेत : तारण पालिकेचं, कर्ज पालिकेचं, गल्ला टीमचा.

टीम पळून जाईल का? ३५ वर्षं जाणार नाही असा करार आहे. त्यापुढचं आमची मुलं बघतील.

वाईट दिवसही पाहिले. ११ मार्च २०२० ला न्यू ऑर्लिन्सबरोबर सामना होता. प्रेक्षक खुर्च्यांत बसलेले, खेळाडूंचा सराव झालेला, आणि चेंडू उडवायच्या काही मिनिटं आधी सामना रद्द. नंतर कित्येक महिने डाउनटाउनची पार्किंग भकास. गाड्या नाहीत म्हणून रोख्यांचा हप्ता थोडाच थांबतो? पार्किंगवर मदार ठेवली की असा झटका बसतो. (आमच्याकडचं जुनं अरेना तेव्हा रिकामं पडलेलं, तिथे कोविडसाठी खाटा लावल्या होत्या. २०२२ मध्ये ते पाडलं.)

आणि बाहेर एक रंगीबेरंगी चकचकीत पुतळा बघितलात का? जेफ कून्स या शिल्पकाराचा आहे. किंमत ८० लाख डॉलर, त्यातले २५ लाख पालिकेचे. डुकराच्या पिल्लाचं चित्र पोराने रंगवताना रेषेबाहेर रंग गेला, अशी मूळ कल्पना. मला आजतागायत त्यात पिल्लू दिसलेलं नाही.

छप्पनभोगी
ताई, एक नंबर माहिती. पण पार्किंगच्या पैशातून स्टेडियम? राजवाड्यावर मीटर लावून बघा. भिया लोक त्या मीटरलाच गाडी टेकवून "बस दो मिनिट" म्हणत पोहे खायला जातील.

बाकी टीमचा सेठ रणदिवे निघाला हे वाचून ऊर भरून आला. महाराष्ट्र साहित्य सभेत सत्काराला बोलवायचं का?

ताळेबंद
व्यवसायाने सी.ए. आहे, म्हणून बॉण्डच्या मुद्द्यापुरतं बोलतो. कट्ट्यावरच्या गृहस्थांचं "एकदा काढले, परत काढेल" हे वाक्य ऐकायला बरं आहे, पण दोन बॉण्ड एकसारखे नसतात.

आपल्या निगमने फेब्रुवारी २०२३ मध्ये २४४ कोटींचा हरित बॉण्ड आणला. व्याज ८.२५ टक्के, वर्षातून दोनदा. हजार रुपयांच्या एका बॉण्डचे अडीचशेचे चार तुकडे, मुदत ३, ५, ७ आणि ९ वर्षं. सामान्य माणसालाही घेता येत होते, माझ्या सासऱ्यांनी घेतले. मूळ विक्री १२२ कोटींची होती, तिच्या जवळजवळ सहापट मागणी आली. पैसा कशासाठी, तर जलूदला ६० मेगावॉटचा सौर प्रकल्प. नर्मदेचं पाणी जलूदहून घाट चढवून इंदूरला आणायचं म्हणजे पंप चोवीस तास घरघरत असतात आणि त्यांच्या विजेचं बिल निगमच्या बोकांडी बसलेलं. सूर्यावर वीज झाली की तितकं बिल कमी. म्हणजे ज्यातून परतफेड करायची तो पैसा निगम आज खर्चच करत होतं, तो फक्त वाचवायचा होता. लोक पाणी पिणं बंद करणार नाहीत, त्यामुळे पंपही बंद पडणार नाहीत. गुंतवणूकदाराला आणखी काय पाहिजे?

अरेनाचं उत्पन्न लोकांच्या हौसेवर चालतं. हौस मंदीत सगळ्यात आधी आटते, ताईंनी २०२० चं सांगितलंच. आणि आकार बघा. सॅक्रमेंटोचे २७.३ कोटी डॉलर म्हणजे २०१५ च्या भावाने सतराशे कोटी रुपयांच्या आसपास. आपल्या जलूदच्या बॉण्डच्या सातपट. पाचशे कोटींत छोटं बांधू म्हणाल, ठीक, पण वर्षाचं व्याजच चाळीस कोटींच्या वर जातं. मुद्दल अजून बाजूलाच.

अर्थशास्त्रज्ञांचं या बाबतीत नवल वाटावं इतकं एकमत आहे : सरकारी पैशातून बांधलेल्या स्टेडियममुळे गावाच्या उत्पन्नात खर्च भरून निघेल इतकी भर पडत नाही. सिनेमाला आणि हॉटेलात गेले असते तेच पैसे सामन्याला जातात. माणसं तीच, पाकीट तेच. गावाला मान मिळतो, संध्याकाळी बाजारात जाग राहते, हे खरं आहे. तेवढ्यासाठी पैसे मोजायला हरकत नाही, पण मग तो खर्च आहे असं सांगून मोजा, कमाई म्हणून विकू नका.

जाता जाता, काका, तुमच्या कट्ट्याला आवडेल असं एक. त्या गोल्डन वन सेंटरची वीज सौरऊर्जेवर आहे. थोडी छपरावरच्या पॅनलमधून, बाकीची रँचो सेको नावाच्या ठिकाणच्या सौर प्रकल्पातून. तिथे पूर्वी अणुवीज केंद्र होतं, ते १९८९ मध्ये लोकांनी मतदान करून बंद पाडलं. म्हणजे त्यांचंही एक जलूद आहे.

रेसकोर्स_रोड
पैशाचं झालं, आता खेळाचं कोणी बोलणार की नाही? मी रोज सकाळी रेसकोर्स रोडवर पोरांना बास्केटबॉल शिकवतो.

एनबीएच्या टीमचे एका मोसमात ४१ सामने घरच्या मैदानावर असतात. ४१ रात्री आधीच लिहून ठेवलेल्या, त्याही दरवर्षी. त्यांच्या भोवती बाकीचं कॅलेंडर भरता येतं. आपल्याकडे व्यावसायिक लीग येऊन गेल्या. यूबीए २०१५ ला आली, काही मोसम चालली. आयएनबीएल २०२२ ला आली. दोन्हींत संघांच्या नावात शहर किंवा राज्य, पण एका वेळी सगळ्यांनी एका ठिकाणी जमायचं आणि तिथेच सामने उरकायचे. घरचं मैदान ही भानगडच नाही. खुद्द किंग्ज भारतात आले होते, ४ आणि ५ ऑक्टोबर २०१९, मुंबईला वरळीच्या एनएससीआय डोममध्ये, इंडियाना पेसर्सविरुद्ध. पहिला सामना जादा वेळेत गेला, १३२-१३१ ने पेसर्सनी मारला. काय सामना होता! पण दोनच दिवसांचा पाहुणचार, आणि ती जागाही एका क्लबची. तर निगमने तिकडच्यासारख्या सतरा हजार खुर्च्या मांडल्या तरी त्यांच्यासमोर खेळणार कोण, हे कोणी सांगत नाही.

दुसरं म्हणजे फरशी. बास्केटबॉलचं खरं कोर्ट मेपल लाकडाचं असतं, खाली लवचीक थर असतो, उडी मारून पडलं की गुडघा वाचतो. त्या अमेरिकन अरेनात लाकडाचे मोठे मोठे तुकडे जोडून कोर्ट तयार करतात. मैफल असली की रातोरात उचलून गाडीवर चढवतात, दुसऱ्या दिवशी परत अंथरतात. त्याला सरावलेली माणसं लागतात आणि ठेवायला कोरडी जागा लागते. आपल्याकडे काय होतं ते मी एका हॉलमध्ये डोळ्यांनी पाहिलंय, गाव सांगत नाही. रिसेप्शनसाठी लाकडावरच जाजम टाकलं, त्यावर लोखंडी खुर्च्या. सकाळी जाजम उचललं तर थ्री पॉइंटच्या रेषेवर खुर्चीच्या पायांचे गोल गोल खड्डे, आणि फटींत गुलाबजामचा पाक. मुंग्या दोन दिवस रेषेवरून रांगेत चालत होत्या. व्यवस्थापक मला म्हणतो, "सर, फिनाइल मारलंय." लाकडावर फिनाइल!

माझं म्हणणं सरळ आहे. निगमला खर्च करायचाच असेल तर तीन-चार हजार खुर्च्यांचा हॉल बांधा, लाकडी कोर्ट, नीट उजेड, मुलींसाठी वेगळी कपडे बदलायची खोली, आणि सकाळ-संध्याकाळ सराव पोरांना परवडेल अशा दरात. टीम आली तर आली.

रामबागकर
मंडळी, मन भरलं. ताई, "तारण पालिकेचं, गल्ला टीमचा" हे मी वहीत उतरवून घेतलं. ताळेबंद साहेब, पाणी कुठे मुरतंय ते सापडलं. कर्ज तेच, परतफेडीची सोय वेगळी.

एक शंका उरली. पस्तीस वर्षांनी करार संपेल तेव्हा रोखेही फिटलेले असतील. मग इमारत पालिकेला फुकट राहिली, असं म्हणायचं का?

नाटोमासची_इंदोरन
काका, कागदावर तसंच. पण जुन्या अरेनाकडे बघा. १९८८ ला उघडलं, २०१६ ला कुलूप. अठ्ठावीस वर्षांत ते म्हातारं ठरलं. पस्तीस वर्षांनी पालिकेच्या हातात जे येईल ते तेव्हाच्या टीमला "जुनाट" वाटणारच, आणि पुन्हा कोणीतरी दुसऱ्या गावाचं नाव घेऊन बोलणी करायला बसेल. अमेरिकेत हे चक्र अनेक शहरांनी पाहिलंय.

तरीही खरं सांगते, इमारत उभी राहायच्या आधी तिथे एक मरगळलेला मॉल होता. संध्याकाळी सातनंतर त्या भागात एकटीने जायला मला बरं वाटायचं नाही. आता सामन्याच्या रात्री लेकीला घेऊन चालत जाते. २०२३ मध्ये किंग्ज सोळा मोसमांच्या दुष्काळानंतर बाद फेरीत पोचले तेव्हा तर के स्ट्रीटवर पाय ठेवायला जागा नव्हती. अनोळखी लोक गळ्यात पडत होते. ताळेबंद म्हणतात तसा हा खर्चच आहे. मी माझ्या वाट्याचा पार्किंगमध्ये भरते आणि कुरकुरतेही.

छप्पनभोगी
काका, कट्ट्यावर काय ठरलं ते कळवा. तिथे बैठकीआधी टेंडर निघतं.

रामबागकर
आज सकाळी विषय काढला. रेसकोर्स रोड सरांचाच मुद्दा पुढे केला : आधी वर्षाचं कॅलेंडर भरून दाखवा, मग खुर्च्या मोजू. ते गृहस्थ मागे हटणारे नव्हेत. माझ्याच पेनाने वर्तमानपत्राच्या कडेला लिहायला लागले. नवरात्रात गरबा, दिवाळीआधी साड्यांचं आणि फर्निचरचं प्रदर्शन, मग लग्नसराई, जानेवारीत शाळांची स्नेहसंमेलनं, मार्चमध्ये कोचिंगवाल्यांचे सत्कार, मे महिन्यात परत लग्नं, मध्येमध्ये प्रवचनं, आणि पाच वर्षांनी मतमोजणी आहेच. म्हणाले, घ्या, दोनशे दिवस इथेच भरले, बॉण्ड आरामात फिटतो.

रेसकोर्स_रोड
काका, यात बास्केटबॉल कुठल्या तारखेला आहे? त्यांना सांगा, पहाटे साडेपाच ते नऊ बारा महिने पोरांच्या नावावर लिहून टाका, आणि लग्नाच्या दुसऱ्या दिवशीही हॉल साडेपाचला झाडून मिळाला पाहिजे. हे कबूल असेल तर मी स्वतः कट्ट्यावर येतो, पोहे माझ्याकडून.